पाणी गेलं की कळांची वाट बघायची नाही

गरोदर बाई सगळं सांगते. उलट्या, ॲसिडिटी, पायावरची सूज, पाठीतली चमक, बाळाच्या लाथा, रात्रीची उडालेली झोप, सगळं. आईला फोनवर सांगते, नवऱ्याला तर रोजच, आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या काकूंनी विचारलं तर त्यांनाही. सांगत नाही ते एवढंच की अंगावरून जातंय आणि त्याला वास येतोय, खाली खाज सुटतेय, लघवी करताना आग होतेय. ते ती अंगावर काढते. आणि डॉक्टरला कळायला हवं असतं ते नेमकं हेच, कारण योनीमार्गाचं किंवा लघवीचं इन्फेक्शन आणि दिवस भरायच्या आधीच पाणमोट फुटणं, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी जाणं, यांचा फार जवळचा संबंध आहे.

घरातल्या, शेजारपाजारच्या बायकांबरोबर पुण्यातल्या बऱ्याच एएनसी ओपीडीत, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीला, मी बसलेय, खाजगी हॉस्पिटलच्या गार एसीत पण आणि महापालिकेच्या दवाखान्यातल्या बाकड्यावर पण, आणि दोन्हीकडे मला एकच दिसलं. टेबलाशी ती, शेजारी सासूबाई नाहीतर आई, मागे फाईल धरून नवरा उभा, दारात पुढच्या दोघी नंबर जाईल या भीतीने अर्ध्या आत आलेल्या. डॉक्टर बीपी घेतात, वजन बघतात, पोट तपासतात, ठोके ऐकतात, लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना, आणि काही त्रास? "नाही." झालं, पुढची. आता चार लोकांसमोर कोण सांगणार की मला पांढरं जातंय आणि त्याला माशासारखा वास येतो म्हणून मी नवऱ्याजवळ झोपायचं टाळते? डॉक्टरांनाही बाहेर चाळीस जणी थांबलेल्या असतात, त्यांना मी दोष देत नाहीये. पण त्या एका "नाही"ची किंमत काय असते ते मी घरात बघितलंय, म्हणून हे लिहायला बसले.

माझ्या धाकट्या जावेला एकतिसावा आठवडा चालू होता. आम्ही धायरीला, एकाच बिल्डिंगमध्ये वरखाली राहतो. एका सकाळी ती खाली आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "ताई, मला सारखं ओलं वाटतंय, लघवी गळतेय का काय कळत नाही." विचारलं कधीपासून, तर म्हणे काल दुपारपासून. पोटात दुखत नव्हतं, रक्त नव्हतं, बाळ हलत होतं, त्यामुळे तिने तीनदा कपडे बदलले आणि गप्प राहिली. सासूबाई म्हणाल्या, "आठव्यात होतं असं, बाळाचा भार पडतो ना लघवीच्या पिशवीवर. कळा कुठे आल्यात?" त्यांचंही पूर्ण चुकीचं नव्हतं, शेवटच्या महिन्यांत खोकलं-शिंकलं तरी थेंबभर लघवी सुटते हे खरंच आहे, आणि गरोदरपणात पांढरं जाणंही वाढतं, पातळसर, दुधाळ, वास नसलेलं, त्यात काही वावगं नसतं. म्हणूनच तर गोंधळ होतो. पण हे थांबत नव्हतं. उठली की ओघळ येत होता, आणि पॅडवर पिवळसर डाग नव्हता, लघवीचा वासही नव्हता.

हॉस्पिटलमध्ये तिला आधी थोडा वेळ पडून राहायला लावलं, मग पडदा ओढून डॉक्टरबाईंनी स्पेक्युलम, म्हणजे योनीमार्ग उघडून बघायचं साधन, लावून आत बघितलं आणि म्हणाल्या, "आता जरा खोक बघू." ती खोकली, आणि पाणी येताना सरळ दिसलं. वेगळी काही टेस्टच लागली नाही तशी, तरी त्यांनी लिटमसचा कागद लावला, तो निळा झाला, कारण योनीतला स्राव आंबट असतो आणि गर्भजल किंचित अल्कलाईन. शंका उरली तर तो थेंब काचेवर वाळवून मायक्रोस्कोपखाली बघतात, गर्भजल असेल तर फर्नच्या पानांसारखी नक्षी उठते. त्यांनी बोटं घालून आतून तपासणी मात्र केली नाही, आणि फाईलवर लाल पेनाने मोठ्ठं लिहिलं, "नो पीव्ही", म्हणजे आतून तपासणी नको. नंतर शिफ्ट बदलली, नवीन निवासी डॉक्टर आल्या, त्या हातमोजे चढवायच्या आधी फाईल वाचून थांबल्या. पाणी गेलेलं असताना कळा नाहीत तर आत हात घालायचा नाही, दर वेळी बाहेरचे जंतू वर ढकलले जातात, एवढं साधं कारण. पण हे साधं कारण मला त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

मग प्रश्न येतोच ना, की पाणमोट फुटलीच कशी? धक्का नाही, पडली नाही, जड उचललं नाही.

बाळाभोवतीची ती पिशवी दोन पदरांची असते, आतला ॲम्निऑन आणि बाहेरचा कोरिऑन, आणि दोन्ही मिळून जाडी एक मिलिमीटरसुद्धा नाही. तिला ताकद देतं ते कोलॅजन. नऊ महिने भरत आले की हे कोलॅजन आपोआप सैल पडायला लागतं, ते व्हायलाच हवं. पण योनीतून जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढले तर ते काम वेळेआधी सुरू होतं. काही जंतू स्वतःच प्रथिनं तोडणारे एन्झाईम सोडतात, आणि त्यांच्याशी लढायला शरीर जी सूज आणतं त्यातूनही मेटॅलोप्रोटीनेज नावाचे एन्झाईम वाढतात जे कोलॅजन खातात, शिवाय प्रोस्टाग्लँडिन तयार होतात, ज्यांनी गर्भाशय आकुंचन पावायला लागतं. म्हणजे पिशवी एका दिवसात फाटत नाही, आतल्या आत विरत जाते. बाहेर मात्र बाईला ताप नाही, दुखणं नाही, काही नाही.

आणि हे जंतू दरवेळी बाहेरूनच येतात असंही नाही, इथे बहुतेकांची गैरसमजूत असते. निरोगी योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू राहतात, दह्याच्या विरजणात असतात त्यांच्याच गोतातले. ते लॅक्टिक ॲसिड बनवतात आणि तिथला पीएच 3.8 ते 4.5 च्या आसपास ठेवतात, त्या आंबटपणात बाकीच्यांची डाळ शिजत नाही. आल्बर्ट डोडरलाईन नावाच्या जर्मन डॉक्टरने 1892 मध्येच हे लिहून ठेवलंय. हे लॅक्टोबॅसिलस कमी झाले की गार्डनरेला आणि ऑक्सिजनशिवाय जगणारे बाकीचे जंतू डोकं वर काढतात, पीएच 4.5 च्या वर जातो आणि तो माशासारखा वास येतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. कितीतरी जणींना तर काही त्रासही होत नाही. कँडिडा वेगळा, ती बुरशी, दह्यासारखं घट्ट पांढरं आणि प्रचंड खाज, आणि वेळेआधी पाणी जाण्याशी तिचा तेवढा संबंध दिसत नाही. ट्रायकोमोनास हा एकपेशी परजीवी वेगळा, तो शरीरसंबंधातून येतो आणि त्याच्यासाठी नवऱ्यालाही गोळी घ्यावीच लागते, बायको एकटीने कोर्स केला तर पुन्हा तेच होऊ शकतं. गोनोरिया, क्लॅमिडिया तसेच. आणि लघवीचं इन्फेक्शन तर गरोदरपणात पटकन होतं, कारण हार्मोनमुळे मूत्रनळ्या सैलावतात, वरून गर्भाशय दाबतं आणि लघवी साठून राहते. त्यात कधी कधी जळजळसुद्धा होत नाही, फक्त कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायची टेस्ट, केली तरच कळतं, आणि ते उपचाराशिवाय सोडलं तर किडनीपर्यंत जाऊ शकतं.

जावेच्या स्वॅबमध्ये, म्हणजे आतल्या स्रावाच्या नमुन्यात, बॅक्टेरियल व्हजायनोसिस आला. पाचव्या महिन्यापासून वास येत होता, असं तिने मग मला वॉर्डमध्ये रात्री सांगितलं, रडत. ती काय करत होती, तर रोज दोनदा साबणाने आतून धूत होती आणि अंघोळीच्या पाण्यात झाकणभर डेटॉल. तिला वाटत होतं आपण अस्वच्छ आहोत. धुण्याने तर उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात, आतून धुवायचं नसतंच, बाहेरून साधं पाणी पुरे. आणि दुसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या नात्यातल्या एका बाईंनी पलंगाशी उभं राहून काय म्हणावं? "आजकालच्या मुली स्वच्छता पाळत नाहीत, टाईट जीन्स घालतात, त्याचं हे." मी त्यांना बाहेर नेलं आणि बोलले. वयाने मोठ्या होत्या, पण बोलले. पोटातल्या बाळाची चिंता करत जी मुलगी उताणी पडून छताकडे बघतेय तिच्या डोक्यावर हे ओझं ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. डॉक्टरबाई तर स्पष्ट म्हणाल्या की इन्फेक्शन सापडलं म्हणजे पाणी त्यानेच गेलं असं ठामपणे कुणी सांगू शकत नाही. आधीच्या वेळी असं झालेलं असणं, जुळी, पाणी जास्त असणं, गर्भाशयाचं तोंड आखूड असणं, मधेच रक्तस्राव, तंबाखू-मिश्री-सिगारेट, कारणं बरीच आहेत, आणि अनेकदा एकही सापडत नाही.

त्या वॉर्डमधले दिवस म्हणजे सगळं पॅडवर. सिस्टर पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, पांढरंच पॅड लावायचं आणि टाकायचं नाही, मला दाखवायचं." प्रत्येक पॅड त्या उजेडात धरून बघायच्या, रंग, वास, किती भिजलं, आणि चार्टवर लिहायच्या. स्वच्छ पाणी असेल तर ठीक, हिरवट म्हणजे बाळाने आत शी केली, घाण वास म्हणजे आत इन्फेक्शन पसरतंय. दर चार तासांनी ताप, नाडी, पोट दाबल्यावर दुखतं का, बाळाचे ठोके. आईला ताप आणि बाळाचे ठोके वाढले तर मग आठवडे बघत बसत नाहीत, बाळंतपण करावंच लागतं. सासूबाई सारख्या विचारायच्या, पाणी सगळं निघून गेलं तर बाळ कोरडं पडेल का हो? तर नाही, गर्भजल सतत नवीन बनत असतं, त्यातलं बरंचसं बाळाची स्वतःची लघवीच असते, म्हणून गळत राहिलं तरी थोडं थोडं भरत राहतं. हे ऐकून सासूबाईंचा जीव जरा भांड्यात पडला.

पहिल्याच तासात दंडात इंजेक्शन दिलं होतं, बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टेरॉईड. स्टेरॉईड म्हटल्यावर दीर घाबरला, त्याला जिममधलंच माहीत. पण वेळेआधी येणाऱ्या बाळासाठी याच्याइतकं कामाचं औषध क्वचितच असेल. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहॅम लिगिन्स मेंढ्यांवर वेगळ्याच गोष्टीचा अभ्यास करत होते, स्टेरॉईड दिल्यावर वेळेच्या खूप आधी जन्मलेलं कोकरू श्वास घेताना दिसलं, जे व्हायला नको होतं, आणि मग त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी गरोदर बायकांमध्ये ट्रायल करून 1972 मध्ये छापलं. आपल्याकडे डेक्सामेथासोन देतात, 6 मिलिग्रॅमचे 4 डोस, 12 तासांच्या अंतराने, औषध स्वस्त आहे, आणि 2014 च्या केंद्र सरकारच्या सूचनांप्रमाणे मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी एएनएम, म्हणजे गावातल्या उपकेंद्रातली सिस्टरसुद्धा पहिला डोस देऊ शकते. म्हणून वेळ महत्त्वाची. घरी कळांची वाट बघत काढलेली रात्र म्हणजे या इंजेक्शनची गेलेली रात्र.

दुसरं म्हणजे अँटिबायोटिक. दिराला वाटलं एवढं सिरीयस आहे तर भारीतलं द्या, हे एरिथ्रोमायसिन कसलं जुनाट. त्यावर डॉक्टरबाईंनी उभ्या उभ्या त्याला समजावलं, ते मला फार आवडलं. 2001 मध्ये ऑरॅकल नावाची मोठी ट्रायल आली, वेळेआधी पाणी गेलेल्या 4,826 बायका होत्या त्यात. एरिथ्रोमायसिनने दिवस थोडे लांबले आणि बाळांना फायदा दिसला, पण को-ॲमॉक्सिक्लॅव म्हणजे जे आपण सर्दी-घशाला सर्रास घेतो, त्याच्यामुळे बाळांमध्ये आतड्यांचा एक घातक आजार वाढलेला दिसला. म्हणजे "भारी" औषधाने इथे नुकसान. मेडिकलवाल्याकडून परस्पर गोळी आणणाऱ्यांनी हे वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. पांढरं जातंय म्हटलं की काउंटरवरून जे कॉम्बी पॅक मिळतं त्यात बऱ्याचदा फ्लुकोनॅझोल असतं, आणि ते गरोदरपणात टाळतात, बुरशीसाठी योनीत ठेवायच्या क्लोट्रिमॅझोलच्या गोळ्या देतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिससाठी मेट्रोनिडॅझोल किंवा क्लिंडामायसिन. पण ते तपासून, चिठ्ठीवर.

इथे एक गोष्ट सरळ सांगायला हवी. त्रास नसलेल्या, धोका नसलेल्या सगळ्या गरोदर बायकांची बॅक्टेरियल व्हजायनोसिसची तपासणी करून औषध दिलं तर वेळेआधीची बाळंतपणं कमी होतील असं वाटलं होतं, पण मोठ्या ट्रायल्समध्ये तसं झालं नाही. म्हणून सरसकट तपासणी कुणी सांगत नाही. ज्यांना त्रास आहे त्यांचं मात्र तपासायलाच हवं. आणि त्रास आहे हे कळणार कसं, तर बाईने सांगितल्यावरच. परत तिथेच येतो आपण.

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या 2 गावांमध्ये घरोघरच्या 650 बायका तपासल्या, 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये ते आलं. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. जगभर तोपर्यंत गरीब देशातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी एवढंच धरलं जायचं. पुणं म्हणजे गडचिरोली नाही, इथे चौकाचौकात गायनॅक आहे, सगळं खरं. पण मंडईत सकाळी सहापासून भाजी घेऊन बसणारी, लक्ष्मी रोडवर साडीच्या दुकानात दिवसभर उभी असलेली, हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये दीड तास ट्रॅफिकमध्ये अडकलेली, या तिघी पाणी कमी पितात, एकाच कारणासाठी. जायचं कुठे? जुन्या बसचं टॉयलेट करून "ती" बस उभ्या केल्या होत्या पुण्यात, चांगली कल्पना, पण एवढ्या मोठ्या शहराला तेवढ्याने काय होणार. पोटुशी बाई पाच-सहा तास लघवी धरून बसते, हा माझ्या मते आरोग्याचा प्रश्न आहे आणि तो वॉर्डाच्या बजेटमध्ये दिसला पाहिजे.

आणि ओपीडीत एक पडदा हवा. खर्च काहीच नाही. वजन-बीपी घेणाऱ्या सिस्टरने प्रत्येकीला दोन मिनिटं एकटीला घ्यावं, नवरा नको, सासू नको, आई पण नको, आणि नीट नावं घेऊन विचारावं, वास येतो का, खाज आहे का, जळजळ, संबंधाच्या वेळी दुखतं का, ओलं वाटतं का. "काही त्रास?" असं नाही. बाई उत्तर देते, मी बघितलंय, जावेशेजारच्या पलंगावरची उरुळीची मुलगी मला, अनोळखी बाईला, पहिल्या संध्याकाळी सगळं सांगून मोकळी झाली होती, फक्त मी विचारलं म्हणून.

ज्यांचे दिवस भरत आलेत त्यांनी हे वाचून घाबरून जाऊ नका. 37 आठवड्यांनंतर कळांआधी पाणी जाणं शंभरात साधारण आठ जणींना होतं, आणि बहुतेकींना एका दिवसाच्या आत-बाहेर आपोआप कळा सुरू होतात. तरी हॉस्पिटलला निघायचंच, पाणी जाऊन जितका वेळ जातो तितका इन्फेक्शनचा धोका वाढतो. 37 च्या आत हे घडणं शंभरात तीनेक जणींना, पण वेळेआधी जन्मणाऱ्या बाळांपैकी साधारण एक तृतीयांश बाळं याच वाटेने येतात. तेव्हा ओलं वाटलं की पांढरं पॅड लावा, वेळ बघून ठेवा, संबंध नको, आत काही घालू नका, आणि निघा, रात्र असली तरी. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि येण्या-जाण्याची गाडी 2011 पासून जननी शिशु सुरक्षा या सरकारी कार्यक्रमात मोफत आहे, "पैशाचं सकाळी बघू" म्हणून थांबायची गरज नाही. पाण्याबरोबर नाळ खाली आल्यासारखी वाटली तर मात्र उभंही राहायचं नाही, कुशीवर आडवं होऊन कंबरेखाली उशी घ्यायची आणि तशाच अवस्थेत अँब्युलन्स.

जावेला चौतिसावा आठवडा संपायच्या आत कळा आल्या. मुलगी, दोन किलोला थोडी कमी, रडली लगेच. एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, राहिली, नळीने दूध, मग छातीशी उघडं बांधून कांगारू, त्यात दिराची पाळी असायची तेव्हा तो हलायचाही नाही. आता ती बालवाडीत जाते आणि घर डोक्यावर घेते.

आता जावेला पुन्हा दिवस गेलेत. एकदा असं झालेल्या बाईला पुन्हा व्हायचा धोका जास्त असतो, म्हणून पहिल्याच भेटीत जुनी डिस्चार्ज समरी दाखवली. लघवीचं कल्चर झालं, चौथा महिना संपल्यापासून आतल्या सोनोग्राफीने गर्भाशयाच्या तोंडाची लांबी दर थोड्या दिवसांनी मोजतायत, 25 मिलिमीटरच्या खाली गेली तर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन किंवा गर्भाशयाच्या तोंडाला टाका असं ठरलंय. सासूबाई येतात बरोबर, पण हल्ली बाहेर बसतात. मागच्या महिन्यात डॉक्टरबाईंनी काही त्रास आहे का विचारलं तर जाऊ म्हणाली, "हो, आहे, दोन दिवस खाज आहे." कँडिडा निघाला, सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, पुढची लांबी मोजायची तारीख सोमवारची आहे.